फळ्यावर नसलेला दिनविशेष : १२ फेब्रुवारी १७५६

(मुळशी तालुक्यातील पौड येथे शिक्षक, विद्यार्थी व इतिहासप्रेमी नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्याकडे बहुतेक शाळांच्या दर्शनी भागात एक काळा फळा असतो. वर सुविचार आणि खाली दिनविशेष. जगात त्या दिवशी काय घडले, कोण जन्मले, कोण निवर्तले, हे दोन-चार ओळींत खडूने लिहिलेले असते. ही प्रथा मला फार आवडते. मात्र त्या चार ओळींत कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावरून त्या समाजाची स्मृती कशी घडली आहे तेही कळते. १२ फेब्रुवारी हा दिवस घ्या. फळ्यावर अब्राहम लिंकन आणि चार्ल्स डार्विन यांचा जन्मदिन असतो. दोघेही १८०९ चे. शिक्षक इतिहासाचे जाणकार असतील तर १७४२ साली याच दिवशी नाना फडणीस जन्मले आणि १७९४ साली याच दिवशी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजी शिंदे यांचे निधन झाले, ही नोंदही असते. उत्तर पेशवाईतील दोन सर्वांत मोठ्या मुत्सद्द्यांपैकी एकाचा जन्म आणि दुसऱ्याचा मृत्यू एकाच तारखेला यावा, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. परंतु याच तारखेची आणखी एक घटना मी आजवर कोणत्याही फळ्यावर वाचलेली नाही. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गाच्या तटाखाली मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार जळून खाक झाले. ते जाळणारे इंग्रज होते आणि त्यांना तेथे बोलावणारे आपणच होतो. आजचे व्याख्यान त्या एका वर्षाविषयी आहे.

इंग्रजी १७५६ म्हणजे आपल्या शके १६७७ चे अखेरचे महिने आणि पाडव्यानंतरचे शके १६७८. जगाच्या इतिहासाची पुस्तके उघडली तर या वर्षापुढे ठरावीक नोंदी सापडतात. २७ जानेवारीला ऑस्ट्रियातील आजच्या साल्झबर्ग शहरी मोझार्ट हा थोर संगीतकार जन्मला. मे महिन्यात इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध रीतसर युद्ध पुकारले. ऑगस्टच्या अखेरीस प्रशियाचा राजा फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला आणि सप्तवार्षिक युद्धाचा वणवा युरोपभर पसरला. हे युद्ध युरोप, अमेरिका, आफ्रिका आणि आपला हिंदुस्थान अशा चारही ठिकाणी लढले गेले, म्हणून काही इतिहासकार त्यालाच पहिले महायुद्ध म्हणतात. बंगालमध्ये एप्रिलात नवाब अलिवर्दीखान वारला आणि त्याचा नातू सिराजउद्दौला गादीवर आला. या साऱ्या नोंदी खऱ्या आहेत. परंतु मोझार्टच्या जन्मानंतर अवघ्या सोळा दिवसांनी कोकणच्या किनाऱ्यावर जे घडले, त्याचा या महायुद्धाशी आणि बंगालशी किती निकटचा संबंध होता, हे त्या नोंदींतून उमगत नाही.

आपण मुळशीकर डोंगरातली माणसे. समुद्राशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ताम्हिणीच्या माथ्यावर उभे राहा आणि पश्चिमेकडे पाहा. खाली कुंडलिकेचे खोरे दिसते. मुळशी धरणाचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते, कुंडलिकेला मिळते आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. रेवदंडा म्हणजे आंग्र्यांच्या कुलाब्याचा शेजार. तैलबैलाच्या बाजूने वाघजाई आणि सवाष्णीच्या घाटांनी कोकणात उतरणाऱ्या वाटा आजही दुर्गभ्रमण करणाऱ्या तरुणांना ठाऊक आहेत. मावळ आणि कोकण ही एका घराची पुढची आणि मागची ओसरी होती. शिवछत्रपतींनी हे जाणले. डोंगरात वाढलेल्या त्या राजाने आरमार उभारले आणि १६७९ मध्ये खांदेरीवर तट चढवून मुंबईकर इंग्रजांच्या दारात चौकी बसवली. त्यांच्या राजनीतीचे सार सांगणाऱ्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचे वेगळे अंग मानले आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे निव्वळ सावकार नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना किनाऱ्यालगत जागा देऊ नये, असा स्पष्ट इशाराही तेथे आहे. १७५६ च्या सुमारे चाळीस वर्षे आधी लिहिलेला हा ग्रंथ! दप्तरातले शहाणपण दरबारात पोहोचेलच असे नसते, हे आपले जुने दुर्दैव आहे.

या इशाऱ्याप्रमाणे जो वागला तो कान्होजी आंग्रे. छत्रपती शाहूंचा सरखेल. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवीत परतले. १७२० मध्ये ते विजयदुर्गावर आले, तोच अनुभव घेऊन गेले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर मोठी चढाई केली. पोर्तुगीज विजरई स्वतः आला होता, इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे होती. त्या वेळी सातारहून छत्रपतींनी काय केले? पिलाजी जाधव आणि तरुण पेशवा बाजीराव यांना घोडदळासह घाट उतरून कान्होजींच्या मदतीला धाडले. समुद्रावर सरखेल आणि जमिनीवर पेशवा, अशी ती जोडी होती. दोन परकीय सत्तांचा संयुक्त हल्ला फसला आणि पोर्तुगिजांनी तह केला. हे चित्र मनात पक्के ठेवा. कारण पस्तीस वर्षांनी याच बाजीरावांचे पुत्र याच कान्होजींच्या पुत्राविरुद्ध याच इंग्रजांच्या जहाजांसमवेत उभे राहिलेले आपल्याला पाहावयाचे आहे.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. मुलांत वाटणीचे भांडण लागले. कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास संभाजी व त्यांच्या पश्चात तुळाजी, असे घर दुभंगले. मानाजीने पेशव्यांचा आश्रय धरला. तुळाजी मात्र कोणाचाच ताबेदार राहण्यास तयार नव्हता.

तुळाजी आंग्र्यांविषयी बोलताना दोन टोकांचा मोह टाळावा लागतो. इंग्रजी बखरकारांनी त्यांना चाचा ठरवले. परवाना न घेता या समुद्रात फिरणाऱ्या परकी जहाजाला अडवणारा आपल्या राज्याचा सरखेल चाचा, आणि सहा हजार मैलांवरून येऊन इतरांची जहाजे अडवणारा व्यापारी, ही भाषा कोणाच्या सोयीची होती ते सांगावयास नको. तुळाजींनी १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल जिंकले. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी झुंज घेऊन त्यांचा निकाल लावला. इंग्रज कंपनीचे रेस्टोरेशन हे लढाऊ जहाज पकडून स्वतःच्या ताफ्यात सामील केले. या किनाऱ्यावर युरोपीयांना खरा धाक होता तो याच माणसाचा. पण म्हणून तुळाजी निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. शाहूंच्या निधनानंतर पुण्याचा अधिकार त्यांनी जुमानला नाही. ठरलेला भरणा केला नाही. प्रतिनिधी, अमात्य, वाडीकर सावंत यांच्या मुलखाला उपद्रव दिला आणि कोकणातल्या रयतेलाही त्यांचा जाच झाला. मध्यवर्ती सत्तेला आव्हान देणाऱ्या सरदाराला वठणीवर आणणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच असते. नानासाहेब पेशव्यांचे तुळाजींना शासन करणे चुकले, असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. त्यासाठी त्यांनी कोणते हत्यार उचलले, वाद आहे तो एवढाच.

कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी बोलणे झाले आणि मार्च १७५५ मध्ये करार ठरला. एप्रिलात कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या आणि किल्ला पडला. बाणकोट इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर मराठी फौजेने जमिनीवरून तुळाजींची एकेक ठाणी घेतली. म्हणजे काम चालूच होते, सावकाश पण चालू होते. चार-दोन पावसाळे थांबण्याची तयारी असती तर विजयदुर्ग उपासमारीने किंवा फितुरीनेही हाती आला असता, आणि त्याबरोबर आरमारही शाबूत मिळाले असते.

एवढा धीर धरवला नाही. १७५५ च्या अखेरीस मुंबईत दोन माणसे येऊन पोहोचली. एक इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन, दुसरा कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. खरे तर दख्खनमधील फ्रेंचांविरुद्ध मोहीम काढावी, या उद्देशाने क्लाइव्हला इकडे धाडले होते. ते बारगळले. साठ-सत्तर तोफांची जहाजे आणि गोरी पलटण मुंबईत रिकामी बसली होती, तिला विजयदुर्गाचे काम मिळाले. निघण्यापूर्वीच या मंडळींनी किल्ल्यात सापडणाऱ्या लुटीची वाटणी आपसात ठरवून टाकली. त्या वाटणीत मराठ्यांचे नाव नव्हते. ज्याच्या राज्यात मोहीम, ज्याच्या सांगण्यावरून मोहीम, त्याचाच हिस्सा नाही! वाटणीत कोणाला किती, यावर वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्यात कुरबूर झाली, तेवढीच काय ती अडचण.

७ फेब्रुवारीला आरमार मुंबईहून निघाले. खंडोजी माणकर यांच्या हाताखालील मराठी फौज जमिनीच्या बाजूने आली होती. शत्रूंची जूट पाहून तुळाजी स्वतः मराठी छावणीत बोलणे लावण्यास आले. तह झाला तर किल्ला पेशव्यांकडे जाईल आणि लूट हातची जाईल, हे इंग्रजांच्या तत्काळ ध्यानी आले. त्यांनी थांबण्याचे नाकारले. १२ तारखेला केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी ही जहाजे वाघोटणच्या खाडीत शिरली. तुळाजींच्या गुराबा आणि गलबते तटाच्या आसऱ्याला एकमेकींना बांधून उभी केली होती. उथळ पाण्यात चपळाईने वळून मारा करणे हे या जहाजांचे खरे बळ. त्यांना जखडून ठेवल्यावर ते बळच नाहीसे झाले. दुपारी चारच्या सुमारास एक तोफेचा गोळा त्या रेस्टोरेशनवर पडला. आग लागली, बांधलेल्या दोरखंडांवरून एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सारे आरमार पेटले. गोदीत बांधत असलेली जहाजेही वाचली नाहीत. रात्री क्लाइव्ह आपली माणसे घेऊन किनाऱ्यावर उतरला, तो किल्ला आणि मराठी फौज यांच्यामध्ये. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आत दोनशेहून अधिक तोफा आणि रोकड व ऐवज मिळून सुमारे दहा लाख रुपयांची लूट सापडली.

केंट जहाजावर एडवर्ड आइव्हज नावाचा शल्यविशारद होता. त्याने पुढे आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. किल्ल्यात तुळाजींची वृद्ध आई, बायका आणि मुले होती, वॉटसन त्यांना भेटावयास गेला, त्या मातेने आपल्या निराधार अवस्थेचे गाऱ्हाणे केले आणि एका लहानग्याने त्या अ‍ॅडमिरलचा हात धरला, असे तो सांगतो. कान्होजी आंग्र्यांच्या घरातील मुलावर अभय मागण्यासाठी इंग्रज सेनानीचा हात धरण्याची वेळ आली. आणि त्या मुलाचा पिता त्या वेळी कोठे होता? स्वकीयांच्या छावणीत, कैदेत. तुळाजी पुढचे सारे आयुष्य एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर बंदिवासात राहिले. सुटका झालीच नाही.

आता त्या वर्षाच्या पुढच्या महिन्यांकडे वळू. नानासाहेब स्वतः या सुमारास कर्नाटकाच्या मोहिमेत होते. सावनूरच्या नबाबाला त्यांनी वेढा घातला होता आणि त्यांच्या शेजारी निजामाची फौज आणि बुसी हा फ्रेंच सेनापती होता. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर आपल्याबरोबर इंग्रज आणि कर्नाटकात आपल्याबरोबर फ्रेंच! ज्या दोन सत्ता जगभर एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्या दोघींना आपण आपल्या घरगुती भांडणांसाठी भाड्याने आणत होतो. यात आपण फार चतुर आहोत, असेही कोणाला वाटत असेल. जूनच्या अखेरीस गोव्याकडे फोंड्याजवळ मर्दनगडाच्या लढाईत पोर्तुगीज विजरई काउंट द आल्वा मराठ्यांकडून मारला गेला. ही नोंदही फळ्यावर नसते, आणि ती असावयास हवी. आपल्या तलवारीत जोर नव्हता असे समजण्याचे कारण नाही, हे त्यावरून कळते.

विजयदुर्ग करारानुसार पेशव्यांना मिळावयाचा होता. इंग्रजांनी तो सोडला नाही. पत्रे गेली, वकील गेले, पावसाळा उलटला. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यात तह झाला. विजयदुर्ग परत मिळाला, पण त्याच्या बदल्यात बाणकोट आणि आसपासची गावे इंग्रजांकडे कायमची गेली आणि डचांना मराठी मुलखात व्यापारास मज्जाव करण्याचे कबूल करून घेतले गेले. आपल्या राज्यात कोणाशी व्यापार करावयाचा, हे ठरवण्याचा हक्क एका मुंबईकर वखारीने मागितला आणि आपण दिला. मला तर तहातील हे कलम बाणकोटपेक्षाही जड वाटते.

आणि ती जहाजे? विजयदुर्ग आटोपून वॉटसन आणि क्लाइव्ह पूर्व किनाऱ्याला गेले. २० जून १७५६ रोजी क्लाइव्हने सेंट डेव्हिड किल्ल्याचा कारभार हाती घेतला आणि नेमक्या त्याच दिवशी सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले. ही बातमी मद्रासला पोहोचली तेव्हा बंगालकडे धाडण्यास आरमार आणि सेनापती दोन्ही तयार होते. लुटीच्या पैशांनी आणि विजयाच्या आत्मविश्वासाने भरलेले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले. २३ मार्चला चंद्रनगरवर फ्रेंचांविरुद्ध तोफा डागल्या त्या केंट, टायगर आणि सॅलिसबरीने. वर्षभरापूर्वी वाघोटणच्या खाडीत आलेली हीच जहाजे. केंट तर तेथे इतके घायाळ झाले की पुन्हा कामास आले नाही. २३ जूनला प्लासी. ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यातच मेला. क्लाइव्हचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

त्या काळात बंगालचा नवाब नागपूरकर भोसल्यांना वर्षाला बारा लाख रुपये चौथाई देत होता. १७५१ चा तो करार. म्हणजे बंगालमध्ये जे घडत होते ते परक्या घरातले भांडण नव्हते, आपल्या ताटातला घास हिसकावला जात होता. परंतु पुणे आणि नागपूर यांचे सूत जुळत नव्हते. शिवाय १७५६ च्या अखेरीस अब्दाली पुन्हा खाली उतरत होता. जानेवारीत त्याने दिल्ली घेतली, नंतर मथुरा-वृंदावनात जे केले ते आठवले तरी अंगावर काटा येतो. साऱ्या दरबाराचे लक्ष उत्तरेकडे लागले, आणि ते लागणे स्वाभाविक होते. शत्रू घोड्यावरून आला की आपल्याला दिसत असे. जहाजावरून आलेला मात्र आपल्याला व्यापारी वाटे.

रियासतकार सरदेसायांसारख्या इतिहासकारांनी या प्रकरणी नानासाहेबांना दोष दिला आहे. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विजयदुर्गाला पेशव्यांनी पुन्हा आरमार उभे केले. आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी इंग्रजांच्या रेंजर जहाजाशी झुंज देऊन ते पकडले, ही मोठीच कामगिरी होती. खाडीकाठी गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. तेव्हा आरमार कायमचे संपले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण १७५६ पूर्वी इंग्रजांना या किनाऱ्यावर जो धाक वाटे, तो पुन्हा कधी वाटला नाही. आणि भिंत आतून दाखवली की आपण ती बाहेरून पाडू शकतो, हे त्यांना एकदा कळले ते कळलेच. पुढे रघुनाथराव स्वतः मुंबईला त्यांच्या दारी गेले, तेव्हा त्या दाराची कडी कशी वाजवावयाची हे पुणे दरबाराला वीस वर्षे आधीच माहीत झालेले होते.

आपल्या तालुक्याची गोष्ट सांगून थांबतो. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याने कोरीगड घेतला आणि लागोपाठ घनगड. आंबवण्याच्या आणि एकोल्याच्या लोकांनी आपल्या डोक्यावरच्या गडांवर इंग्रजांचे निशाण पाहिले ते विजयदुर्गानंतर बासष्ट वर्षांनी. त्यानंतर एकशे तीन वर्षांनी, १९२१ च्या रामनवमीला, याच राजवटीच्या भूसंपादनाच्या कायद्याखाली टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी चालल्या, तेव्हा मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्यांचे सेनापती झाले. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची घरे त्या पाण्याखाली आहेत. तेच पाणी भिऱ्याला उतरून आंग्र्यांच्या समुद्राला मिळते, हे मी सुरुवातीला म्हणालो ते याचसाठी.

नाना फडणीसांविषयी एक राहिलेच. ज्या दिवशी विजयदुर्गाखाली आरमार जळाले, त्या दिवशी त्यांना चौदा वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांचे वडील निवर्तले आणि फडणिशीची वस्त्रे त्या कोवळ्या खांद्यांवर आली. पुढची चाळीस वर्षे ज्या इंग्रजांना रोखण्यात त्यांचे आयुष्य गेले, ते इंग्रज दारात कसे आले, हे त्यांनी त्या फडावरच्या कागदांतून वाचले असेल.

शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. येत्या १२ फेब्रुवारीला फळ्यावर लिंकन लिहा, डार्विन लिहा, नाना आणि महादजी तर लिहाच. खाली थोडी जागा ठेवा, आणि विजयदुर्ग मुलांकडून लिहवून घ्या.